घरी पाठवायचे, पण कोणत्या घरी?

बेघर स्त्रियांसाठी कायदे आहेत, योजनाही आहेत. परंतु रुग्णालय, निवारा, पोलीस आणि महिला व बालविकास या यंत्रणा आपापल्या चौकटीत काम करीत असल्याने उपचार घेतलेली स्त्री पुन्हा त्याच पदपथावर येऊन पोचते. हा प्रश्न निधीचा आहेच, पण त्याहून अधिक जबाबदारीचा आहे.

सार्वजनिक रुग्णालयातून रुग्णाला सोडताना त्याच्या हाती एक कागद दिला जातो. त्यावर औषधांची नावे असतात, पुढच्या तपासणीची तारीख असते आणि शेवटी बहुधा ठरलेल्या सूचना असतात : विश्रांती घ्यावी, सकस आहार घ्यावा, जखम कोरडी ठेवावी. या सूचनांमागे एक गृहीत असते. रुग्णाला घर आहे, घरात पाणी आहे, चूल आहे आणि वेळेवर औषधाची आठवण करून देणारे कोणीतरी माणूस आहे, हे ते गृहीत. जिचा पत्ता ‘पुलाखाली’ किंवा ‘स्टेशनाबाहेर’ एवढाच आहे, त्या स्त्रीच्या बाबतीत यातले काहीच खरे नसते. टाके ओले असतानाच तिला नवजात बाळासह पुन्हा रस्त्यावर यावे लागते.

यात रुग्णालयातील डॉक्टर निर्दय असतात असे मानण्याचे कारण नाही. त्यांच्या दृष्टीने उपचार पूर्ण झालेले असतात आणि रिकाम्या खाटेची वाट पाहणारी दुसरी रुग्ण बाहेर जमिनीवर झोपलेली असते. निवाऱ्याच्या काळजीवाहकाचेही चुकते असे म्हणता येत नाही. त्याच्याकडे परिचारिका नसते, औषधे ठेवण्याची सोय नसते आणि संसर्गजन्य आजार असलेल्या स्त्रीला इतर पन्नास जणींमध्ये ठेवण्याची त्याला भीती वाटते. प्रत्येक यंत्रणा आपल्या नियमाप्रमाणे वागते आणि तरीही सर्वांच्या बेरजेतून एक स्त्री रस्त्यावर येते. बेघर स्त्रियांच्या आरोग्याच्या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

मोजणीतच हरवलेल्या

२०११च्या जनगणनेनुसार देशात १७ लाख ७३ हजार माणसे बेघर होती. त्यांपैकी ९ लाख ३८ हजार शहरांत, तर महाराष्ट्रात सुमारे २ लाख ११ हजार होती. मुंबईचा आकडा ५७ हजारांच्या आसपास नोंदला गेला. या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थांना हे आकडे वास्तवापेक्षा बरेच कमी वाटतात, आणि स्त्रियांच्या बाबतीत तर ही शंका अधिकच रास्त आहे. बेघरांची ती गणना २८ फेब्रुवारी २०११च्या एका रात्रीत करण्यात आली होती. रस्त्यावर राहणारी एकटी स्त्री मात्र रात्री सहसा उघड्यावर, मोजता येईल अशा जागी झोपत नाही. ती रुग्णालयाच्या आवारात, रेल्वे फलाटावर किंवा देवळाच्या पायरीवर उजेडात बसून रात्र काढते आणि दिवसा वर्दळीत डोळा लावते. काही जणी एखाद्या पुरुषाचा आसरा घेतात. त्याचे मोल त्यांना कोणत्या स्वरूपात द्यावे लागते, हे वेगळे सांगायला नको. जे जगणेच लपून राहण्यावर अवलंबून आहे, ते गणनेत येणार कसे? आणि गणनेत न आलेल्यांसाठी खाटा, परिचारिका वा निधी यांची तरतूद होणार कशी?

सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये अन्नाच्या अधिकाराबाबतच्या याचिकेत मोठ्या शहरांनी दर एक लाख लोकसंख्येमागे वर्षभर आणि चोवीस तास चालणारा एक निवारा उभारावा, असे बजावले. २०१३मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानातील निवारा योजनेनेही हेच प्रमाण स्वीकारले. माणशी किमान ५० चौरस फूट जागा आणि निवाऱ्यात राहणाऱ्यांना विविध सरकारी योजनांशी जोडून देणे, या बाबीही त्या योजनेत होत्या. २०११च्या जनगणनेतील मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख धरली, तर या हिशेबाने शहरात सुमारे सव्वाशे निवारे हवेत. मुंबई त्या संख्येच्या जवळपासही पोचलेली नाही. जे निवारे आहेत, त्यांत स्त्रियांसाठीच्या जागा थोड्या आणि आजारी स्त्रियांसाठीच्या जागा त्याहून थोड्या.

पदपथावरचे आजार

बेघर स्त्रीचे आजार पाहिले, तर त्यांतील बरेचसे औषधाअभावी नव्हे, तर जागेअभावी झालेले दिसतात. सार्वजनिक शौचालयासाठी पैसे मोजावे लागतात आणि रात्री तेथवर जाणे धोक्याचे असते. त्यामुळे अनेक जणी पाणीच कमी पितात आणि मूत्रमार्गाचा संसर्ग जडतो. मासिक पाळीत कपडा धुण्याची आणि वाळवण्याची जागा नसते. मधुमेहावरील इन्सुलिन थंड जागी ठेवावे लागते. रक्तदाबाच्या गोळ्या पिशवीत असतात आणि ती पिशवी कधी पावसात भिजते, कधी चोरीला जाते, तर कधी अतिक्रमणविरोधी कारवाईत पालिकेच्या गाडीत जाते. त्याच पिशवीत रुग्णालयाचे कागदही असतात. ते गेले की तपासण्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.

क्षयरोगाचे उपचार साधारणत: सहा महिने चालतात. पहिल्या दीड-दोन महिन्यांत खोकला कमी होतो, अंगात थोडी शक्ती येते. उपचार सुटण्याचा धोका याच काळात असतो. घरी राहणाऱ्या रुग्णाकडे आरोग्यसेविका जाऊ शकते. पदपथावरील कुटुंबाला कालच उठवलेले असेल तर सेविकेने कोठे जावे? क्षयरुग्णांच्या पोषणासाठी केंद्र सरकार २०१८पासून दरमहा ५०० रुपये देत असे. नोव्हेंबर २०२४पासून ही रक्कम एक हजार रुपये झाली. पण ती बँक खात्यात जमा होते. मातृत्वाच्या लाभासाठी २०१७मध्ये आलेल्या प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेचे पहिल्या अपत्यासाठीचे पाच हजार रुपयेही आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. ज्या स्त्रीला या पैशांची सर्वाधिक गरज आहे, तिच्यापाशीच बहुधा खाते नसते.

गर्भवतींची स्थिती तर अधिक बिकट. शहरातील आरोग्यसेवेची रचना वस्तीनिहाय, घरांच्या यादीवर आधारलेली असते. पदपथ कोणाच्याच यादीत नसल्याने अनेकदा गरोदरपणाची नोंद होते ती थेट प्रसूतीच्या वेळी. यात आणखी एक भीती असते, तिची चर्चा फारशी होत नाही. बाल न्याय कायदा, २०१५ नुसार घर वा कायम निवास नसलेले मूल ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ ठरते. मुलाच्या हितासाठी केलेली ही तरतूद आईच्या कानावर मात्र ‘रुग्णालयात गेलीस तर मूल काढून घेतील’ अशा स्वरूपात पोचते. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा, असे तोच कायदा सांगतो. पण आई आणि मूल यांना एकत्र ठेवणारी जागाच नसेल, तर शेवटचा उपायच पहिला ठरतो.

एक स्त्री, अनेक दारे

महाराष्ट्रातील कारभाराची विभागणी पाहिली, की या गुंत्याची कल्पना येते. बेघरांचे निवारे नगरविकास आणि महापालिकेकडे. निराधार स्त्रियांची गृहे आणि भिक्षेकरी गृहे महिला व बालविकास विभागाकडे. मनोरुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आणि मुंबईतील मोठी रुग्णालये महापालिकेकडे. शिधापत्रिका अन्न व नागरी पुरवठा विभागाची, मूल बालकल्याण समितीच्या अखत्यारीत आणि रस्त्यावरून स्त्रीला आणणारे पोलीस गृह खात्याचे. प्रत्येक दारावर नवा अर्ज, नवी ओळख आणि तीच कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगण्याची सक्ती.

प्रत्येक दाराचा उंबराही वेगळा. केंद्राच्या स्वाधारगृह योजनेत आईसोबत राहणाऱ्या मुलासाठी आठ वर्षांची मर्यादा होती. त्याहून मोठ्या मुलाला बालगृहात पाठवावे लागे. दहा वर्षांच्या मुलाला सोडून आपण छताखाली जायचे, की त्याच्यासह रस्त्यावर राहायचे, हा निर्णय अशा आईला घ्यावा लागत असे. बहुतेक आया काय निवडतील, हे सांगण्यासाठी तज्ज्ञांची गरज नाही. स्वाधार आणि उज्ज्वला या योजना २०२२मध्ये ‘शक्ती सदन’ या नावाखाली एकत्र आल्या. तरी आजारी, मनोरुग्ण किंवा व्यसनाधीन स्त्रीने कोणत्या गृहात जावे, हा पेच सुटलेला नाही. निवासगृहाला ती ‘रुग्ण’ वाटते आणि रुग्णालयाला ‘सामाजिक प्रकरण’.

कागदपत्रांचेही तसेच. कायम निवास नसलेल्या व्यक्तींच्या आधार नोंदणीसाठी विशेष उपाय योजावेत, असे २०१६च्या आधार कायद्याच्या पाचव्या कलमातच म्हटले आहे. म्हणजे अडचण कायद्याची नाही. तिला नोंदणी केंद्रावर घेऊन जाणे, तिची ओळख पटवणे आणि ती नंतर आढळणार नाही हे गृहीत धरून निवाऱ्याचाच पत्ता नोंदवणे, हे कोणा एकाचे काम म्हणून लिहून ठेवलेले नाही.

दिल्लीतील दोन प्रकरणे

या तुटलेल्या साखळीची किंमत काय असते, हे २०१०मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे आलेल्या दोन प्रकरणांतून दिसले. त्यातील एक स्त्री जंगपुरा भागात झाडाखाली राहत होती आणि तिची प्रसूती कोणत्याही वैद्यकीय मदतीविना उघड्यावर झाली. तिच्यासारख्यांसाठी तेव्हाही एकाहून अधिक योजना होत्या. जून २०१०च्या निकालात न्यायालयाने तिला भरपाई देण्याचा आदेश दिलाच, शिवाय गरिबांना लाभ मिळणे सोपे करण्याऐवजी गरिबी सिद्ध करणाऱ्या कागदांचाच आग्रह धरला जातो, याकडे बोट दाखवले.

त्याच वर्षी दिल्लीच्या मध्यवर्ती कॅनॉट प्लेस परिसरात एक निराधार स्त्री पदपथावर बाळंत झाली आणि काही दिवसांतच तिथेच मरण पावली. वृत्तपत्रांतील बातमीची न्यायालयाने स्वत:हून दखल घेतली. निराधार गर्भवती आणि स्तनदा मातांसाठी अन्न व वैद्यकीय सेवा असलेले स्वतंत्र निवारे उभारा, असे आदेश त्यातून निघाले. या आदेशाचे महत्त्व असे, की त्यात निवारा आणि उपचार यांचा विचार प्रथमच एकत्र झाला. बाळंतिणीला खाट हवी, पण प्रसूतीनंतरचे दीड-दोन महिने तिला छत, जेवण आणि परिचारिकाही हवी, हे न्यायालयाला सांगावे लागले.

रुग्णालयातून भिक्षेकरी गृहात

मानसिक आजार असलेल्या बेघर स्त्रियांबाबत कायदा बराच स्पष्ट आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार स्वत:ची काळजी घेऊ न शकणारी मनोरुग्ण व्यक्ती रस्त्यावर फिरताना आढळली, तर तिला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत नेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. तिला कोठडीत ठेवता येत नाही. बेघर व्यक्तीला मानसिक उपचार मोफत मिळण्याचा हक्क आहे. शिवाय केवळ घर नाही किंवा कुटुंब स्वीकारत नाही म्हणून तिला रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही, असेही हा कायदा सांगतो.

वास्तव मात्र निराळे आहे. देशातील ४३ सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी करून २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अहवालात सुमारे ३६ टक्के निवासी रुग्ण वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ तेथेच असल्याचे आढळले. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या महाराष्ट्रातील चारही प्रादेशिक मनोरुग्णालयांना हा प्रश्न नवा नाही. बऱ्या झालेल्यांसाठी पुढची जागा नव्हती, तेव्हा राज्याने काढलेला मार्ग सर्वोच्च न्यायालयाला नापसंत ठरला. मनोरुग्णालयांतून लोकांना भिक्षेकरी गृहांत व तत्सम संस्थांत हलवण्याची प्रथा तात्काळ थांबवा, असे न्यायालयाने २०१९मध्ये महाराष्ट्राला बजावले. दोन विभागांचा समन्वय येथे झाला होता खरा, पण तो रुग्णाच्या भल्यासाठी नव्हता. खाट रिकामी होणे हेच त्याचे उद्दिष्ट होते.

साखळी जुळते तेव्हा

असे असले तरी ही साखळी जुळवता येते, याचे दाखले आहेत आणि ते फार दूरचेही नाहीत. चेन्नईत १९९३मध्ये वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी बेघर मनोरुग्ण स्त्रियांसाठी ‘द बन्यन’ ही संस्था सुरू केली. रस्त्यावरून आणलेल्या स्त्रीवर उपचार करून तिला घरी पोचवणे, हे सुरुवातीचे काम. पण काही जणींना परतायला घरच नसते. त्यांच्यासाठी संस्थेने पुढे ‘होम अगेन’ हा उपक्रम आणला. साध्या वस्तीतील भाड्याच्या घरात चार-पाच जणी एकत्र राहतात, मदतीला एक कार्यकर्ती असते आणि उपचार सुरूच राहतात.

महाराष्ट्रात अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगरजवळ डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे या दाम्पत्याने ‘माउली सेवा प्रतिष्ठान’द्वारे रस्त्यावरील मनोरुग्ण स्त्रियांना आणि त्यांच्या मुलांना आसरा दिला. कर्जतमध्ये ‘श्रद्धा’ संस्थेमार्फत अशा रुग्णांना बरे करून गावी पोचवणाऱ्या डॉ. भरत वाटवानी यांना २०१८मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. टाटा समाजविज्ञान संस्थेचा २०११मध्ये सुरू झालेला ‘तराशा’ प्रकल्प मानसिक आजारातून सावरणाऱ्या स्त्रियांना निवास आणि रोजगार यांच्याशी जोडून देतो. या सर्व प्रयत्नांत एक समान धागा आहे. उपचार, निवास, कागदपत्रे आणि काम या बाबी वेगवेगळ्या दारांवर न ठेवता कोणीतरी एक त्यांची एकत्र जबाबदारी घेतो. मात्र काही निष्ठावान व्यक्तींच्या बळावर उभे राहिलेले काम सरकारी यंत्रणेची जागा घेऊ शकत नाही.

सधन देशांतही हा प्रश्न सुटलेला नाही, पण त्यांनी तो नियमात बसवण्याचा प्रयत्न केला आहे. इंग्लंड व वेल्समध्ये २०२१मध्ये मरण पावलेल्या बेघर स्त्रियांचे सरासरी वय अवघे ४३.२ वर्षे होते. पुरुषांपेक्षाही ते कमी. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०१८पासून बेघर झालेल्या किंवा होण्याच्या बेतात असलेल्या रुग्णाची माहिती, त्याच्या संमतीने, स्थानिक गृहनिर्माण यंत्रणेला कळवणे रुग्णालयांवर बंधनकारक आहे. मार्च २०२२मध्ये तेथील आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेने बेघरांसाठी आरोग्य व सामाजिक सेवा एकत्रित देण्याची सविस्तर तत्त्वेही प्रसिद्ध केली. रुग्णालय आणि घर यांच्यामधला मुक्काम म्हणून काही काळ देखभालीची सोय असावी, हे त्यांतील एक तत्त्व. भारतातील शहरांना त्याची गरज त्याहून अधिक आहे.

समन्वय म्हणजे ताबा नव्हे

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. महाराष्ट्रात १९५९चा भिक्षा प्रतिबंधक कायदा अद्याप लागू आहे. त्यानुसार भीक मागताना प्रथम पकडलेल्या व्यक्तीलाही एक ते तीन वर्षे संस्थेत डांबता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८मध्ये या कायद्यातील भीक मागणे गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरवल्या. महाराष्ट्रात तसे घडलेले नाही. त्यामुळे सरकारी गाडी दिसताच बेघर स्त्री पळते, ती अडाणी आहे म्हणून नव्हे. सर्व विभागांची माहिती एकत्र करणे म्हणजे तिला पकडणे सोपे करणे, असे होता कामा नये. बिहारमधील मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातील अत्याचार २०१८मध्ये उजेडात आले ते टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ गटाने केलेल्या सामाजिक लेखापरीक्षणामुळे. दार बाहेरून बंद होणाऱ्या संस्थेला असे परीक्षण अनिवार्यच हवे.

तेव्हा करायचे काय? प्रत्येक मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा विभाग असतो. बेघर स्त्री दाखल झाल्याच्या दिवशीच तिची नोंद या विभागाकडे व्हावी आणि तेथील एका नावानिशी नेमलेल्या कार्यकर्तीकडे तिची जबाबदारी यावी. तिला सोडण्याच्या कागदावर औषधांप्रमाणेच ‘कोठे जाणार’ हा रकाना असावा आणि तो रिकामा असेपर्यंत तो कागद अपुरा मानला जावा. त्यासाठी रुग्णालयाजवळच काही खाटांचा, परिचारिका असलेला स्त्रियांचा निवारा लागेल. तेथे बाळंतीण, शस्त्रक्रिया झालेली किंवा क्षयरोगावर उपचार घेणारी स्त्री मुलांसह काही आठवडे राहू शकेल. त्या आठवड्यांत आधार, बँक खाते आणि शिधापत्रिका यांची कामे मार्गी लावता येतील. रुग्णालयाची खाट अडवून ठेवण्यापेक्षा किंवा तीच रुग्ण महिन्याभरात अत्यवस्थ होऊन परत येण्यापेक्षा हा खर्च कमीच असेल. १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख असलेल्या जनगणनेत स्त्रिया रात्री जेथे असतात तेथे जाऊन त्यांची गणना झाली, तर अशा किती खाटा हव्यात याचाही अंदाज बांधता येईल.

यासाठी नव्या कायद्याची गरज नाही आणि नव्या नावाच्या योजनेची तर मुळीच नाही. महापालिका आयुक्त, रुग्णालयांचे अधिष्ठाता, महिला व बालविकास अधिकारी आणि पोलीस यांनी महिन्यातून एकदा एका टेबलाभोवती बसून गेल्या महिन्यात सोडलेली प्रत्येक बेघर स्त्री आज कोठे आहे, एवढे एकमेकांना विचारले तरी सुरुवात होईल. आज या प्रश्नाचे उत्तर कोणापाशीही नाही, कारण ते देण्याची जबाबदारी कोणावरच नाही.